तराजूवरची वर्दळ

तराजूंचं संग्रहालय काढावं असं जगात फार थोड्या माणसांना वाटत असेल. त्यातल्या एकाची सून होणं वहिनींच्या नशिबी आलं.

सासरे वजनमापांचे निरीक्षक होते. नोकरीत असेपर्यंत त्यांनी दुकानदारांच्या तोंडचं पाणी पळवलं आणि निवृत्त झाल्यावर घरच्यांच्या. जातील तिथून एखादा तराजू उचलून आणायचे. सोनाराचे नाजूक काटे, टपालाचे काटे, लोकर तोलायचे काटे, शिवाय नोकरीत जप्त केलेली, खालून कोरून हलकी केलेली खोटी वजनं. शेवटी सासूबाईंनी निर्वाणीचं सांगितलं, "या घरात एक तर हे काटे राहतील नाहीतर मी." सासऱ्यांनी त्यावर बराच विचार केला. विचार करावा लागला हेच सासूबाईंच्या मनाला जन्मभर लागून राहिलं. मग सासऱ्यांनी एका दुमजली इमारतीचा तळमजला घेतला, सगळा पसारा तिकडे हलवला आणि दारावर पाटी लावली.

दालनाच्या मधोमध गोदामातला मोठा वजनकाटा होता. जमिनीला लागून लोखंडी फळी, तिच्यावर माणूस चढला की खण्‌कन आवाज व्हायचा आणि वरच्या गोल तबकडीत काटा थरथरत आकड्यावर यायचा. या काट्याबाबत सासऱ्यांचा एक नियम होता. काटा वापरला नाही तर आळसावतो आणि खोटं बोलायला लागतो, म्हणून रोज त्यावर कुणी ना कुणी चढलंच पाहिजे. त्यासाठी बाजूच्या गल्लीत एक दार उघडं ठेवलेलं असे. आजूबाजूची माणसं त्या दाराने यायची, वजन करून जायची. त्यांना तिकीट नव्हतं. "ते आपल्या काट्याला व्यायाम देतात," सासरे म्हणायचे, "उपकार त्यांचे. त्यांच्याकडून कसले पैसे घ्यायचे?"

सासरे गेले आणि दालन वहिनींकडे आलं. लग्न होऊन आल्या तेव्हा त्यांना हा सगळा प्रकार म्हणजे खुळचटपणा वाटायचा. पण काट्याला तेल घालता घालता, काचा पुसता पुसता त्या कधी त्यात गुंतल्या ते त्यांचं त्यांनाच कळलं नाही. आता घरात कुणी "दालन बंद करा" म्हटलं की त्या तिथून उठून जायच्या. सोबतीला एकच माणूस, पहारेकरी. त्याच्या डोक्यावर सदा टोपी, म्हणून सगळे त्याला कप्तान म्हणायचे. समोरच्या दाराशी बसून तिकिटं फाडायची हे त्याचं काम, आणि ते करायची वेळ त्याच्यावर सहसा येत नसे.

दालन चालवायला एक विश्वस्त मंडळ होतं आणि त्याचे अध्यक्ष होते वहिनींचे मामेसासरे. त्यांचा ताडपत्र्यांचा धंदा जोरात होता. मामा माणूस वाईट नव्हते. छताची गळती त्यांनी स्वतःची ताडपत्री घालून थांबवली होती. पण त्यांना प्रत्येक गोष्टीत वर्दळ लागायची. लग्नाला गेले तरी आधी पंगतीत माणसं किती ते बघायचे.

वरच्या मजल्यावर भरलेल्या वार्षिक सभेत मामांनी कप्तानाला बोलावून विचारलं, "काय हो, वर्षभरात किती लोक आले बघायला?"

"एक जण आला होता साहेब," कप्तान प्रामाणिकपणे म्हणाला. "पण त्याला दातांचा दवाखाना हवा होता."

सभासद पोट धरून हसले. त्याच वेळी खाली काट्यापाशी तिघेचौघे वजनासाठी रांग लावून उभे होते. कप्तान त्यांना आत घेऊनच वर आला होता. पण ती माणसं काही बघायला आलेली नव्हती, वजन करायला आलेली होती. त्यांना जमेत धरायचं ना कप्तानाच्या मनात आलं, ना वहिनींच्या. सासऱ्यांनी घालून दिलेली शिस्त दोघांच्याही अंगात मुरलेली होती.

"हे बघ सूनबाई," मामा म्हणाले, "गाद्यांचा एक दुकानदार खालची जागा मागतोय. मी त्याला पुढच्या सभेपर्यंत थोपवतो. पण तोवर वर्दळ दाखव. हल्ली सगळी संग्रहालयं त्या कॉम्प्युटरातल्या जगात आपली शाखा काढतात. तिकडे लोक दिसले तर देणगीदार पुढे येतील, नाहीतर माझा नाइलाज आहे."

वहिनींची धाकटी नणंद हेच काम करायची. बिल्डरांची न बांधलेली घरं ती पडद्यावर बांधून द्यायची आणि लोक त्यात फिरून खऱ्या घरासाठी पैसे भरायचे. तिने वहिनींना दालन जसंच्या तसं उभारून दिलं. मोठा काटा, काचेची कपाटं, कोरलेली वजनं, सगळं. ते एका आभासी जगात होतं. तिथे लोक हवं ते रूप घेऊन फिरायचे, जमिनी घ्यायचे, दुकानं थाटायचे. वहिनींनीही एक रूप घेतलं. नणंदेने त्यांना कमरेपर्यंत केस दिले, तेव्हा त्यांनी ते कापून अंबाडा घालून घेतला. मग त्या दाराशी उभ्या राहिल्या.

उभ्याच राहिल्या. चिटपाखरू फिरकलं नाही.

"अगं वहिनी, तुझं ठिकाण यादीत तळाला आहे," नणंद म्हणाली. "तळापर्यंत कोण जातंय? लोक वरची चार नावं बघतात आणि तिकडे जातात."

"मग वर कसं यायचं?"

"गर्दी असेल तर वर येतेस."

"आणि गर्दी कशी व्हायची?"

"वर असशील तर होते."

वहिनींनी कपाळाला हात लावला. नणंदेने खुर्ची जवळ ओढली आणि आवाज उगाचच बारीक केला. "सगळे काय करतात सांगू? माणसं ठेवतात. भाड्याने. ती येतात, नेमून दिलेल्या जागी उभी राहतात आणि उभं राहिल्याबद्दल त्यांना तिथली नाणी मिळत राहतात. पाहुणा जितका वेळ थांबेल तितकी तुझी वर्दळ मोजली जाते. तो जागा आहे की झोपलाय, ते कुणी बघत नाही."

"म्हणजे खोटं माप."

"वहिनी, तू पण ना! बाबांसारखी बोलायला लागलीस. खरे लोक यायला लागले की बंद कर."

ज्या घरात खोटी वजनं काचेत ठेवून लोकांना लाज कशी वाटावी हे दाखवलं जात होतं, त्याच घरच्या सुनेने खोट्या मापाला हात घालायचा म्हणजे जरा अतिच होतं. वहिनींना दोन रात्री नीट झोप लागली नाही. मग गाद्यांचा दुकानदार मोजपट्टी घेऊन आला आणि मोठा वजनकाटा आहे त्या जागी कापसाच्या गाद्या बऱ्या दिसतील की स्पंजच्या, यावर कप्तानाचं मत विचारून गेला. त्या रात्री वहिनींना छान झोप लागली, कारण निर्णय झाला होता.

त्यांनी पदरमोड करून तिथली नाणी घेतली. उभं राहायची जागा कुठे ठेवायची, तर मोठ्या काट्याच्या फळीवर. निदान काट्याला व्यायाम तरी होईल, असं त्यांच्या मनात आलं आणि मग त्यांचं त्यांनाच हसू आलं.

माणसं लगेच आली. माणसं म्हणजे, एकाला मगरीचं तोंड होतं आणि अंगावर लग्नाचा सूट. एकीला पंख होते, तिचे पंख सारखे शेजारच्याच्या डोळ्यात जायचे. एक जण नुसताच फ्रीज होता. सगळे फळीवर दाटीवाटीने उभे राहायचे आणि काही वेळाने त्यांच्या माना खाली पडायच्या, कारण त्यांचे मालक कुठेतरी भाजी चिरायला नाहीतर ऑफिसला निघून गेलेले असायचे.

वहिनींचं पाहुणचाराचं वळण काही सुटेना. त्या एकेकासमोर जाऊन "या, आलात, बरं वाटलं" म्हणायच्या. सोनाराच्या काट्याला काचेची पेटी का असते ते समजावून सांगायच्या. मगर मान खाली घालून ऐकायची. वहिनींना वाटायचं, किती नम्र आहे. एकदा तिने अचानक मान वर केली तेव्हा वहिनींना केवढा आनंद झाला.

"मॅडम," मगर म्हणाली, "शेजारच्या समुद्रकिनाऱ्यावर जास्त देतात. आणि वर गाणी लावतात."

वहिनींनी दर वाढवला. गाणी मात्र लावली नाहीत, तेवढा कणा त्यांनी ताठ ठेवला.

ठिकाण यादीत वर सरकायला लागलं. आधी हळूहळू, मग भराभर. वहिनी रोज बघायच्या आणि त्यांच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. आता खरा पाहुणा येईल, एक आला की दुसरा येईल, आणि मग मगरीला मानाने निरोप देता येईल, असं त्यांनी ठरवून ठेवलं होतं. गर्दी बघून नवे लोक आलेही. त्यातली एक बाई तर सगळं दालन फिरली, प्रत्येक कपाटापाशी थांबली, कोरलेल्या वजनांखालची माहिती वाचल्यासारखी उभी राहिली. वहिनींना भरून आलं. त्या धावत तिच्यापाशी गेल्या आणि "काही विचारायचंय का?" म्हणाल्या.

"हो," बाई म्हणाली. "पैसे नेमके कुठे उभं राहिलं की मिळतात?"

त्या दिवसापासून वहिनींनी खऱ्या पाहुण्याचा नाद सोडला. वर्दळ तेवढी सांभाळायची, सभा पार पाडायची आणि दालन वाचवायचं.

या सगळ्या महिन्यांत खऱ्या दालनात रोजचं रोज चाललं होतं. कोपऱ्यावरचे औषधवाले काका दुकान उघडण्याआधी यायचे, चपला काढायचे, खिशातल्या किल्ल्या काढून ठेवायचे आणि काट्यावर चढून आकडा पाहिला की "तुमचा काटा बिघडलाय" म्हणायचे. बॉक्सिंग शिकणाऱ्या दोन मुली स्पर्धेआधी वजन बघायला यायच्या आणि श्वास रोखून चढायच्या, जसं काही श्वासालाच वजन असतं. एक तरुण आई तान्ह्या मुलीला घेऊन यायची. मुलगी दिवस भरायच्या आधी जन्मलेली, मुठीएवढी. वहिनी परडीच्या काट्यात मऊ फडकं घालून तिला ठेवायच्या आणि काटा थोडा जरी पुढे सरकला तरी दोघी बायका एकमेकींकडे बघून हसायच्या. ती माणसं गेली की वहिनी घाईघाईने मागच्या खोलीत कॉम्प्युटरपाशी जायच्या, पाहुणे आलेत का बघायला.

सभेचा दिवस उजाडला. वरच्या मजल्यावर खुर्च्या मांडल्या होत्या. कडक इस्त्रीचे कपडे घालून मामा उभे राहिले आणि त्यांनी घसा साफ केला.

"मंडळी, आमच्या सूनबाईंनी कमाल केली आहे! लहान संग्रहालयांच्या यादीत आपण तिकडे पहिले आहोत. पहिले! आपल्या मागे कोण आहे ठाऊक आहे? हत्तींचं संग्रहालय."

टाळ्या झाल्या. वहिनींचा जीव भांड्यात पडला. देणगीदारांकडचं पत्रही आलं होतं, मदत मंजूर होती. त्यांनी डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि मनातल्या मनात मगरीचे आभार मानले.

"आणि म्हणूनच," मामा पुढे म्हणाले, "मला आता काही काळजी उरलेली नाही. आपले पाहुणे सगळे तिकडेच येतात म्हटल्यावर इकडची जागा अडवून ठेवण्यात काय अर्थ आहे? तळमजला गाद्यांना देऊ. काटे गोदामात नीट बांधून ठेवू, ताडपत्री माझ्याकडून. सूनबाई घरबसल्या शाखा सांभाळतील. कुणाची हरकत?"

वहिनींना आधी वाटलं आपण चुकीचं ऐकलं. मग त्यांचे कान तापले. ज्या दालनासाठी आपण हा उद्योग केला, त्याच्याच मुळावर आपला उद्योग आला, हे लक्षात यायला त्यांना थोडा वेळ लागला. आल्यावर मात्र त्या ताडकन उठल्या.

"मामा, ती माणसं खोटी आहेत."

"म्हणजे?"

"मी त्यांना पैसे देते. उभं राहायचे. त्यांच्यातलं कुणीही तराजू बघायला आलेलं नाही. अर्धे तर झोपलेले असतात. मी... मी खोटं माप दाखवलं तुम्हाला."

वहिनींना वाटलं होतं, आता आकाश कोसळेल. एका सभासदाने जांभई दिली. दुसऱ्याने विचारलं, सभेचा भत्ता आजच मिळणार की मागच्या वेळेसारखा नंतर.

"अगं वेडे," मामा मायेने म्हणाले, "सगळेच देतात. हत्तीवाले काय फुकट पहिले होते? जाहिरातीला आपण पैसे देतोच ना? ते जाहिरातीचेच म्हण. पण मला एक सांग, इथे खाली येतं कुणी? पैसे न घेता?"

वहिनींनी तोंड उघडलं आणि तेवढ्यात खालून आवाज आला. खण्‌.

कुणीतरी काट्यावर चढलं होतं.

खाली पुन्हा खण् झालं. इतकी वर्षं हा आवाज त्या रोज ऐकत होत्या आणि तो कुणाचा आहे हे आज त्यांच्या डोक्यात शिरलं. माणसं होती की! येत होती, रोज येत होती, आपल्या पायांनी, आणि आपण त्यांना कधी मोजलंच नाही. त्यांना स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं. त्या मामांना "एक मिनिट, कुणी उठू नका" म्हणाल्या आणि जिना धडाधडा उतरल्या.

खाली औषधवाले काका अनवाणी उभे होते. बॉक्सिंगच्या मुली होत्या. तान्हीची आई परडीच्या काट्यापाशी वाट बघत होती, कप्तान फडक्याची घडी घालत होता.

"चला," वहिनी म्हणाल्या. "सगळे वर चला. आत्ताच्या आत्ता."

"चपला घालू द्या की," काका म्हणाले.

"नको, राहू द्यात. कप्तान, तुम्हीही या."

अशी सगळी वरात वर पोचली. पुढे वहिनी, मागे अनवाणी काका, मग मुली, मग तान्हीला छातीशी धरलेली आई आणि शेवटी कप्तान. वहिनींना धाप लागली होती, पण चेहरा फुलला होता.

"हे बघा मामा! हे येतात. रोज येतात. कुणी न बोलावता येतात!"

मामांनी एकेकाकडे निरखून पाहिलं. काकांचे अनवाणी पाय, मुलींचे घामेजलेले चेहरे, झोपलेलं बाळ. मग ते मोकळेपणाने हसले आणि त्यांनी कौतुकाने मान डोलावली.

"शिकलीस हं, सूनबाई! इतक्या पटकन? किती दिलेस यांना?"

"काही दिलं नाही! मामा, शपथ घेते, हे आपणहून..."

"अहो, कोण देणार आम्हाला पैसे?" औषधवाले काका भडकले. "मी रोज येतो! चौदा वर्षं येतोय! काटा बिघडलेला आहे तरी येतो!"

"वा! संवादही पाठ करून घेतलेत," एक सभासद दुसऱ्याला म्हणाला.

"साहेब, मी स्वतः यांना रोज आत घेतो," कप्तान म्हणाला.

"आणि मागच्या वर्षी तुम्हीच सांगितलंत ना, एकच आला म्हणून?" मामांनी त्याला विचारलं. "तोही दातांचा?"

कप्तानाने टोपी काढून हातात घेतली. त्याला खोटं बोलता येत नव्हतं, म्हणून त्याने होकारार्थी मान हलवली. मुलींपैकी एकीने "आम्ही खरंच येतो हो" म्हणून पाहिलं, पण ती जितकी कळवळून बोलली तितके सभासद जास्त खूश झाले. बाळ जागं होऊन रडायला लागलं, तेव्हा तर एकाने टाळीच वाजवली. वहिनी एकेकाच्या तोंडाकडे बघत होत्या. पडद्यावरची मगर ज्यांना पाहुणा म्हणून चालली त्या माणसांना समोरचं तान्हं मूल पटत नव्हतं, आणि पटू नये याची सोय त्यांनी स्वतःच थोड्या वेळापूर्वी करून ठेवली होती.

गाद्यांचा ठराव एकमताने मंजूर झाला.

सगळे जिना उतरले. काका पुटपुटत चपला शोधायला गेले, मुली निघून गेल्या. वहिनींनी परडीत फडकं पसरलं. निदान आजचं वजन तरी करून द्यावं, म्हणून त्यांनी मूल घ्यायला हात पुढे केले.

तान्हीची आई जरा घुटमळली. मग वरच्या मजल्याकडे एक नजर टाकून तिने हळूच विचारलं, "ताई, खरंच पैसे देत होता का तुम्ही? मग आम्हालाच का नाही दिलेत?"